किती दिवस चालेल?

हृदयरोग्यांसाठीची जर्मन प्रश्नावली ग्रीकमध्ये आणायचं काम चाललं होतं. भाषांतर ग्रीक सहकाऱ्यांनी केलेलं. खऱ्या पेशंटला ते प्रश्न पचतात का, एवढंच धम्मदीपाने बघायचं. म्हणून ती हॅम्बर्गमधल्या इव्हान्थियाबाई या ग्रीक हृदयरोगी बाईंच्या स्वयंपाकघरात बसली होती. बाईंचं उभं आयुष्य इथल्या कारखान्यात गेलेलं, त्यामुळे दोघींचं बोलणं जर्मनमध्ये.

'तुमचा आजार अजून किती दिवस चालेल असं वाटतं?' हा प्रश्न वाचला मात्र, बाईंनी तीनदा थू-थू करून दृष्ट घालवली आणि कागद लांब सारला.

"असलं अभद्र आजारी माणसाला विचारतात होय गं? जर्मन लोकांचं सोड, तुला कळू नये?"

"बरं, हा नापसंत." धम्मदीपाने शेरा लिहिला.

"तुझी आई अंथरुणाला खिळली, तर तिला विचारशील?"

"खिळलीच आहे, नागपूरला. तिला नाही विचारत." धम्मदीपाने पान उलटलं. "भावाला विचारते, रोज फोनवर. रजा दोनच आठवड्यांची आहे ना. आत्ताच जाऊन बसले, तर शेवटाला पुरायची नाही."