फिटरांचे प्रश्न

सकाळी सात वाजता बाईंनी कॉम्प्युटर उघडला तेव्हा एकोणीस मेल अडकून पडले होते. लॉटरी लागल्याचे सहा, वजन घटवण्याचे नऊ, बिनव्याजी कर्जाचे तीन. आणि एक फिटरांचा.

"सुई बोथट झाली हे कसं ओळखावं?"

बाईंनी कपाळाला हात लावला. चाळीस वर्षं शिलाई मशीन दुरुस्त केलेला माणूस हे विचारतो? काल विचारलं होतं, मशीनला तेल कुठलं घालावं. परवा, बॉबिन कशी भरावी. दोन महिने रोज हेच. लोक बिचारे सविस्तर उत्तरं लिहीत आणि फिटर त्यावर हूं की चूं करत नसत. दुसऱ्या दिवशी नवा प्रश्न हजर.

जुन्या शिलाई मशीनच्या दुरुस्तीची ही ईमेल लिस्ट बाई अकरा वर्षं चालवत होत्या. सहाशे चाळीस सभासद. कुणीही लिहावं, पण बाईंनी सोडल्याशिवाय मेल पुढे जायचा नाही. मुलाने फिल्टर बसवून दिला होता, तो त्यांनी बंद करून टाकला. मशीनच्या कारखान्यात, तक्रार विभागात एकतीस वर्षं काढलेल्या बाईला खरं-खोटं वासावरून कळतं, असं त्यांचं म्हणणं. रद्दी ओळखायची त्यांची रीतही साधी होती: जो नुसता बोलतो आणि ऐकत नाही, तो रद्दी.

त्या न्यायाने फिटर केव्हाच रद्दीत गेले होते. दोनदा ताकीद देऊन झाली होती. तिसऱ्यांदा नाव कापायचं, असा नियम. शिवणवर्गाच्या मास्तरीणबाईंनी कालच लिहिलं होतं, "यांना आवरा, नाहीतर आम्ही निघतो." आणखी अकरा जणांनी त्यांची री ओढली होती.

बाईंनी लॉटरी, वजन आणि कर्ज उडवलं. फिटरांचा मेल तसाच ठेवला. चहा झाला, झाडलोट झाली, तरी नाव कापायला हात होईना. म्हातारा एकटा असेल, कुणाशी तरी बोलावं म्हणून लिहीत असेल, असं वाटत राहिलं. निदान सांगून तरी कापावं. सभासदांच्या यादीत त्यांचा नंबर होता. नऊच्या सुमाराला बाईंनी फोन लावला.

पहिल्याच रिंगला उचलला गेला. मागे गाड्यांचा गोंगाट होता.

"मी लिस्टवरची बाई बोलतेय."

"बऱ्या आहात ना?"

"मला काय धाड भरलीय? तुमच्या मेलबद्दल बोलायचं होतं."

"जरा थांबा. तिकिटाच्या रांगेतून बाहेर येतो."

"निघालात कुठे?"

"तुमच्याकडेच," फिटर म्हणाले. "तुमचा नंबर नव्हता. पण सुट्या भागांचं पुस्तक पाठवलं होतंत, त्या पाकिटावर पत्ता आहे."

बाईंना काही उमजेना. फिटर मग सावकाश बोलले.

"दोन महिन्यांपूर्वी लिस्ट दोन दिवस बंद होती. तुम्ही लिहिलंत, इंटरनेट गेलं होतं. अकरा वर्षांत कधी गेलं नव्हतं, बाई. आणि पुढचे आठ दिवस तुमच्या मेलांत नुसत्या चुका. तुम्ही, ज्या आमच्या स्वल्पविरामांच्याही चुका काढता! टाका बघून शिवणाऱ्याचा हात ओळखण्यात माझा जन्म गेला. म्हटलं, बाई एका हाताने टाइप करतायत."

बाईंनी डावा हात पदराखाली घेतला.

"विचारलं असतं तर 'मला काय धाड भरलीय' म्हणाला असतात. म्हणून रोज पहाटे एक मेल टाकून ठेवतो. कधीकधी दिवसभरात दुसऱ्या कुणाचा मेल नसतो ना. सातला माझा सुटला की कळतं, बाई उठल्या. आज साडेआठ झाले तरी सुटला नाही."

"आणि लोक एवढी उत्तरं लिहितात ती?"

"उत्तरं मला येतात."

बाई तेव्हा न्हाणीघरात घसरल्या होत्या. डावा हात अंगाखाली घेऊन दीड दिवस फरशीवर पडून होत्या. शेवटी सरपटत दारापर्यंत आल्या. हे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. मुलाचं म्हणणं स्पष्ट होतं, एकदा जरी पडलीस तरी सामान बांधायचं आणि इकडे यायचं. बाईंना आपल्याच घरात राहायचं होतं. आणि मुलगाही लिस्टवर होता.

"नाव कापलंत तरी चालेल," फिटर म्हणाले. "पण मग दुसरी काहीतरी सोय सांगा."

"घरी जा. सुखरूप आहे मी," बाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

बारा जणांना कारण द्यायला हवं होतं. एखादी थाप मारता आली असती. इंटरनेटची पचली होती, हीदेखील पचली असती. पण एकतीस वर्षांत बाईंनी खोट्या कागदावर शिक्का मारला नव्हता, आणि दोन महिन्यांपूर्वी मारला तो त्यांना अजून सलत होता.

त्यांनी आधी फिटरांचा अडकलेला मेल पुढे सोडला. मग स्वतःचा मेल लिहिला. नियमाप्रमाणे तोही अडकला. आता मुलाचा फोन येणार, वाद होणार, कदाचित सामानही बांधावं लागणार, हे सगळं त्यांना दिसत होतं. तरी बाईंनी बटण दाबलं.

"सभासदांस नमस्कार. दोन महिन्यांपूर्वी माझं इंटरनेट गेलं नव्हतं. मी घरात पडले होते, दीड दिवस. फिटरांचं नाव कापलं जाणार नाही. त्यांच्या प्रश्नांना यापुढे कुणी उत्तर देऊ नये. ते मी रोज सकाळी सात वाजता देते."