साधे की दातेरी?

मुलीच्या पत्राला म्हाताऱ्या नालबंदाने महिनाभर उत्तर दिलं नव्हतं. डोंगरातल्या लांब पल्ल्याच्या शर्यतीसाठी घोडीला साधे नाल ठोकावेत की दातेरी, एवढंच तिने विचारलं होतं. “साधे खडकावर घसरतील, पोरगी पडेल,” तो पुटपुटला. “दात्यांनी पाऊल अडकेल, घोडीचा गुडघा जाईल. पण...” “तुमच्या ‘पण’लाच आधी नाल ठोका!” बायको कडाडली. “शर्यत तोंडावर आली. उत्तर टाकल्याशिवाय परत येऊ नका!” कोरं कार्ड खिशात कोंबून तो निघाला. नव्या बुटाचा खरखरीत तळ पायरीला चिकटला. अंग वळलं, पाऊल नाही. गुडघा कळवळला. तिथेच बसून त्याने लिहिलं, ‘साधेच ठोक. टाचेशी दोन बुटके दाते पुरेत. पाऊल थोडं घसरलं तरच गुडघा वाचतो.’ “महिन्याआधीच धडपडायचं होतं!” बायकोने कार्ड हिसकावलं. “पण...” तो म्हणेपर्यंत ते समोरच्या टपालपेटीत पडलंही होतं.