दहापट झीज

झिजेचा आकडा कुणीतरी दहाने गुणून ठेवला होता. टायरबाईने फाइल दोनदा वाचली आणि उठून ती थेट मॅनेजरच्या टेबलाशी गेली. मोटारशर्यतीच्या त्या व्हिडिओ गेममधले टायर तिने तीन वर्षं खपून घडवले होते. ऑफिसने तिला नाव दिलं होतं ते त्यावरूनच.

मॅनेजरने काही लपवलं नाही. पाच वाजता गेमची शेवटची प्रत पाठवायची होती आणि वरून निरोप आला होता: पन्नास फेऱ्यांची शर्यत शंभरातले दोघंच पुरी करतात, तेव्हा ती काढा, पाच फेऱ्यांची ठेवा. टायर बदलायची धांदल मात्र हवी, म्हणून झीज दहापट. पन्नास फेऱ्यांचा थरार पाच फेऱ्यांत, असं तो म्हणाला. ते वाक्य त्याने आधी दोन-तीन ठिकाणी वापरून पाहिलं असावं.

"आणि तापण्याचं काय?" तिने विचारलं.

"कसलं तापणं?"

टायर तापल्याशिवाय रस्ता धरत नाही, तिने सांगितलं. त्याला दोन फेऱ्या लागतात. दहापट झीज लावली तर अडीच फेऱ्यांत तो गुळगुळीत होतो. म्हणजे पाणी तापेस्तोवर बादली गळून रिकामी.

"मग तापणंही दहापट करा," मॅनेजर म्हणाला. "शेवटी आकडाच आहे ना."

मेनूच्या कोपऱ्यात कुठेतरी पन्नास फेऱ्या राहू द्या, ज्याला हव्यात तो शोधून काढेल, एवढंच तिने मागितलं. त्यावर तो वेळेचं बोलला, तपासणीचं बोलला, आणि तिचं प्रत्येक वाक्य अर्ध्यावर तोडत गेला. शेवटी वैतागून म्हणाला, काकांना विचारू. ते म्हणतील ती पूर्व दिशा. पन्नास म्हणाले तर पन्नास राहतील.

काका शेजारच्या खोलीतच होते. टायर बनवणाऱ्या कारखान्यासाठी त्यांनी उभं आयुष्य चाचणीच्या गाड्या पळवल्या होत्या, आणि गेम कितपत खरा वाटतो हे सांगायला कंपनीने त्यांना बोलावलं होतं. माणूस सावकाश बोलणारा. एक शब्द टाकून दुसऱ्याची वाट बघायला लावणारा.

त्यांनी पाच फेऱ्या मारल्या. तिसऱ्या फेरीत गाडी साबणावरून गेल्यासारखी घसरली, थांब्यावर आत येऊन टायर बदलले, शेवटच्या वळणावर दोघांना मागे टाकून ते तिसरे आले. आठ मिनिटांचा खेळ. काकांनी स्टिअरिंगवरचे हात काढले आणि चष्मा उतरवला.

"मजा आली," ते म्हणाले, आणि काच पुसू लागले.

मॅनेजरला तेवढंच हवं होतं. फोन कानाला लावतच तो बाहेर पडला. काकांनी चष्मा चढवला.

"पण यात शर्यत कुठे होती?" त्यांनी मिटलेल्या दाराला विचारलं.

टायरबाई धावत मागे गेली. मॅनेजरने तिला एक बोट दाखवलं, म्हणजे एक मिनिट थांबा. तेवढ्या मिनिटात काकांची पसंती वर पोचलीसुद्धा. आता पुन्हा फोन करून शब्द फिरवायचा म्हणजे माझी काय शोभा राहते, असं म्हणून त्याने फोन खिशात घातला.

ती एकटीच परत आली. काकांनी तिच्याकडे पाहिलं. तुझ्या मशीनवर अजून ती लांब शर्यत आहे ना, लाव, एवढंच म्हणाले. तीन वाजले होते.

वीस फेऱ्या काहीच घडलं नाही. तेच वळण, तोच उतार, पुढच्या गाडीशी तेच अंतर. काका टायर जपत होते. एकदा आत येऊन त्यांनी ते बदलले आणि पुन्हा जपू लागले. अडतिसाव्या फेरीत त्यांनी नेहमीपेक्षा किंचित आधी वेग कमी केला. पडद्यावर कसलाच इशारा नव्हता, आवाजही बदलला नव्हता. टायरबाईने बाजूच्या पडद्यावरचे आकडे पाहिले. डाव्या मागच्या टायरची पकड नेमकी त्याच वळणावर सुटायला लागली होती. ते काकांच्या हातांना कळलं होतं. तीन वर्षं ती ज्याची वाट पाहत होती ते झालं होतं, आणि बघायला खोलीत तिच्याशिवाय कुणी नव्हतं.

सव्वाचारला मॅनेजर आला. प्रत काढायला हेच मशीन लागणार होतं.

"काका, पुरे आता."

काका वळले नाहीत. पुढची गाडी टप्प्यात आली होती. बेचाळिसावी फेरी संपत होती.

"शंभरातले दोघं," मॅनेजर टायरबाईकडे बघून हसला. "आज भेटले बघा दोघंही."

त्याने वाकून बटण दाबलं. पडदा काळा झाला, स्टिअरिंग ढिलं पडलं.

"काका, बंद झालंय ते."

"कळलं मला," काका म्हणाले. त्यांचे हात जागचे हलले नाहीत. मग त्यांनी स्टिअरिंग सावकाश उजवीकडे वळवलं, क्षणभर धरलं, सरळ केलं. पहिलं वळण. टायरबाईला त्याची लांबी पाठ होती. एका श्वासाचाही फरक नव्हता.

मॅनेजर मशीनच्या वायरी काढायला पुढे आला. ती मध्ये उभी राहिली.

"तिकडेच थांबा," ती म्हणाली. "त्यांच्या आठ फेऱ्या राहिल्यात."