चार कामट्या

मोहिमेवरून पुण्यात परतलेल्या स्वाराचा हात कोपराखाली वाकडा जुळला होता. तो पुन्हा मोडूनच बसवावा लागेल, असं सांगून कसब्यातल्या हाडं बसवणाऱ्या रहिमतबीने लाकडी मोगरी उचलली. “कामट्या माझ्यापाशी आहेत,” म्हणत स्वाराने गाठोडं सोडलं. बांबूच्या त्या चार कामट्यांवर हिरव्या ओढणीची चिंधी शिवलेली होती. ओढणी तिची, टाकेही तिचेच. लष्कराबरोबर हाडं बसवायला गेलेल्या नवऱ्याच्या झोळीत तिनेच त्या घातल्या होत्या. “कोणी बांधल्या होत्या?” तिने विचारलं. “तळावरच्या हाडवैद्याने. दीड महिना सोडू नका, म्हणाला. लुटीला जायचं होतं म्हणून विसाव्या दिवशी सोडल्या. हात वाकडा झाला, तेव्हा त्या वैद्याला उभा चिरला.” रहिमतबीने त्याचा हात पाटावर ठेवून मोगरी हाणली. हाड काटकीसारखं मोडलं. तिने कामट्या चुलीत सारल्या. “बाई, आता बसवा,” स्वार गुरासारखा ओरडला. “बसवणाऱ्याला आपणच चिरलंत.”