बेमालूम सांधा

दोरवाल्या मावशींना गाठीचा भारी तिटकारा. "गाठ म्हणजे आळशाची सोय," म्हणत त्या दोन टोकांचे पेड उलगडून एकमेकांत असे ओवत, की सांधा कुणाला सापडू नये.

एकदा नवऱ्याने डिवचलं, "डोळे मिटून शोधतो. सापडला, तर कारखान्याची किल्ली माझी."

"शोधा की! वीसच हात दोर आहे."

तो ढिगात हात घालून चाचपत, हात मोजत निघाला. वीस झाले, तीस झाले, चाळीस झाले, दोर संपेना.

"अगं वेंधळे," डोळे उघडून तो ओरडला, "एकाच दोराची दोन्ही टोकं जोडलीस की! मी आपला घाण्याच्या बैलासारखा फिरतोय."

मावशी खजील झाल्या, पण लगेच सावरल्या. "असू दे. सांधा सापडला का? नाही ना? मग हरलात."

त्याने हसत दोर खाली टाकला.

दोर मात्र थांबला नाही. हातभर सरकायचा, क्षणभर थबकायचा, पुन्हा हातभर सरकायचा. दोघं भिंतीला टेकून पाहत राहिली.

मग एका जागी तो अडला. तिथेच जरा मागे, जरा पुढे झाला. चिमटीत धरून कुणी खात्री करावी तसा.

सांधा तिथेच होता, हे फक्त मावशींना ठाऊक होतं. त्यांनी कमरेची किल्ली दोन्ही हातांनी घट्ट धरली.