नारळाचा मान

तिसऱ्या फटक्यालाही नारळ फुटला नाही, आणि विंगेत जमलेली हौशी नाटकमंडळी एकमेकांकडे पाहू लागली. नटराजाच्या मूर्तीपुढे नगराध्यक्ष घाम पुसत उभे होते. नाट्यगृहाची तारीख त्यांच्या शब्दावर मिळाली होती. म्हणून यंदा नारळाचा मान त्यांना द्यायचा, असे निर्माता या नात्याने दिगंबरने परस्पर ठरवले होते.

गेली सव्वीस वर्षे तो मान पडदा ओढणाऱ्या भिकाजीनानांचा होता. आजही ते धुवट सदरा घालून, ओंजळ पुढे करून उभे राहिले होते. आणि दिगंबरने त्या ओंजळीवरूनच नारळ पलीकडे नेला होता.

"नाना," तो आता अवघडून पुटपुटला, "तुम्हीच वाढवा ना."

नानांनी नारळ घेतला, अंगठ्याने त्याची शीर चाचपली आणि पुन्हा नगराध्यक्षांच्या हाती ठेवला. "साहेब, या शिरेवर मारा. आमचा नारळ जरा हट्टीच. पहिल्या वर्षी मलाही त्यानं असंच छळलं होतं."

सगळे हसले, नगराध्यक्षही. पुढच्याच फटक्याला नारळ दुभंगला आणि टाळ्या पडल्या.

त्या टाळ्यांत दिगंबरची मान वर होईना. खोबऱ्याचा पहिला तुकडा घेऊन तो नानांपाशी गेला. "चुकलो, नाना. पुढच्या प्रयोगाला तुम्हीच."

तिसरी घंटा झाली. नानांनी प्रसाद दोन्ही हातांनी घेतला, कपाळाला लावला आणि दिगंबरकडे न पाहता ते पडद्याच्या दोरीकडे निघून गेले.