डिस्क कुठे अडकते

"आईची डिस्क खराब झालीये," मुलगा फोनवरून म्हणाला. "प्लेअर मला इथे दाखवतोय."

फोन स्पीकरवर होता. वडील फोन नेहमी स्पीकरवरच घेत आणि वर गावाला ऐकू जाईल असं बोलत. मुलगा दुसऱ्या शहरात राहायचा, पण टीव्हीखालचा डिस्क प्लेअर त्यानेच पाठवलेला, त्यानेच इंटरनेटला जोडलेला. इथे काय लावलं, किती बघितलं, कुठे थांबवलं, सगळं त्याच्या मोबाइलवर उमटायचं. सिनेमाच्या नावाखाली घरात हेर येऊन बसलाय, हे आईला कुणी सांगितलंच नव्हतं.

"मी पाठवलेला तो सिनेमा आहे ना, तो रोज दुपारी एकाच जागी अडकतोय. जरा पुढे जातो, परत मागे. परत पुढे, परत मागे. ओरखडा पडलेला असणार."

आई खिडकीपाशी शर्टांना इस्त्री करत होती. रोज दुपारी वडील पत्ते खेळायला गेले की घरात ती एकटीच असायची. कॉलरवर फिरणारा तिचा हात थांबला.

"तरी मी म्हणत होतो!" वडील ताडकन उठले. त्यांनी जन्मभर लोकांना गाडी चालवायला शिकवलं होतं. शिकवणाऱ्याच्या पायाखाली एक वेगळा ब्रेक असतो. शिकणारा कितीही हौसेने निघू दे, शेजारच्याने पाय दाबला की खेळ खलास. निवृत्त झाल्यावर गाडी त्यांनी ड्रायव्हिंग स्कूलला परत केली, ब्रेक मात्र घरी आणला.

"ओल्या हाताने धरली असशील. हजारदा सांगितलं, कडेने धरायची, कडेने!"

"कडेनेच धरते मी."

"मग ओरखडा काय भुताने पाडला?" त्यांनी फोनकडे तोंड वळवलं. "अरे, हिला गाडी शिकवायला घेतली होती मी, आठवतं ना? पहिल्याच दिवशी वायपर चालू केले आणि म्हणते कशी, अहो, गाडी सुरू झाली!"

मुलगा हसला. पाहुण्यांत, शेजाऱ्यांत, दवाखान्यात नंबर लावून बसल्यावर शेजारच्या अनोळखी माणसालाही ही गोष्ट सांगून झाली होती. ऐकणारे दर वेळी हसत. मुलगा गुणी होता, हसायची जागा त्याला पाठ होती.

आईने इस्त्री उभी करून ठेवली. तिच्या अंगाची लाहीलाही होत होती. नवऱ्यावरचा राग जुना होता, त्याची सवय झाली होती. मुलाच्या हसण्याचा राग नवा होता, तो जास्त झोंबला.

वडिलांनी डिस्क बाहेर काढली, तिच्यावर हा हा करून वाफ सोडली, बनियनच्या टोकाने पुसली आणि उजेडाकडे धरून एक डोळा मिटला. ओरखडा काही दिसेना.

"दिसत नाही, पण असणार," ते म्हणाले. डिस्क परत आत सरकवली. "हं, कुठे अडकते बोल."

"तो पार्टीचा सीन येतो बघा, तिथे."

वडील रिमोट घेऊन टीव्हीच्या पुढ्यात उभे राहिले. पडद्यावर खोली भरून पाहुणे होते. नायिका ग्लासांचा ट्रे घेऊन आत आली. तिच्या नवऱ्याने तिच्या अकलेवर काहीतरी विनोद केला आणि खोलीभर हशा पिकला. तिने ट्रे टेबलावर ठेवला. मग शांतपणे नवऱ्यासमोर गेली आणि त्याच्या कानाखाली सणसणीत लगावली.

डिस्क अडकली नाही.

वडिलांनी मागे नेऊन पुन्हा लावलं. ट्रे, विनोद, हशा, थप्पड. कुठे म्हणून अडकणं नाही.

"इथेच म्हणालास ना?"

"हो बाबा, इथेच. रोज."

तिसऱ्यांदा त्यांनी डिस्क कुठे थांबते ते पाहिलंच नाही. त्यांनी सीन पाहिला. थप्पड बसली आणि त्यांनी बटण दाबून चित्र थांबवलं. नायिकेचा हात अजून हवेतच होता. ते हळूच वळले.

"ही तर कुठेच अडकत नाही."

"नाहीच अडकत," आई म्हणाली. "मी मागे नेते."

फोनवरून मुलाने चाचरत विचारलं, "म्हणजे... डिस्क चांगली आहे, आई?"

"डिस्कला काय धाड भरलीये! आणि तू रे? आई दुपारी काय बघते ते तिकडे बसून मोजत होतास?"

"अगं, मोजत नव्हतो, ते आपोआप येतं..."

"ये‌ऊ दे. तू बघू नकोस." तिने फोन बंद केला. नवऱ्याचा फोन तिने बंद करण्याची ही पहिलीच वेळ होती.

वडील उगाच हसले. "सिनेमा आहे तो. एवढं काय मनावर घेतेस?"

ती त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. इतकी जवळ की त्यांनी नकळत मान मागे घेतली. तिने फक्त हात पुढे केला. त्यांनी रिमोट तिच्या हातात ठेवला.

"रोज इथवर येते आणि परत मागे जाते," ती म्हणाली. "थप्पड मारून झाल्यावर ती बाई पुढे काय करते, ते मी अजून बघितलेलंच नाही."

तिने खुर्ची ओढली, टीव्हीसमोर मधोमध ठेवली आणि बसली.

"सरका. दिसत नाहीये मला."